पहिलं औषध फसलं, असं कधी म्हणायचं?

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटने होते, आणि तीन आठवड्यांत सूज हटली नाही की ‘हे लागू पडत नाही’ असं घरात ठरूनही जातं. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर थोडं स्टिरॉइड देतात, ते गिरगावातल्या जुन्या चाळीला लावलेल्या टेकूसारखं. तीनेक महिन्यांत काढायचं. टेकूलाच खांब समजलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

मग डोस. आठवड्याला 7.5 मिलीग्रॅमवर वर्षभर अडकून राहण्यात अर्थ नाही. सोसत असेल तर तो 15 ते 25पर्यंत न्यावा लागतो. 15च्या वर गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, तेव्हा त्वचेखालचं इंजेक्शन बरं.

आणि वार! आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. काही ब्रँडची नावं सोबत देतात त्या फॉलिक ॲसिडच्या गोळीसारखी वाटतात, तिथेच घोटाळा होतो. गोळी 2.5ची असते तशी 10चीही असते. पट्टी बदलली की मिलीग्रॅम वाचा. पावसाळ्यात डेंगी-लेप्टोची साथ असते. ताप आला की त्या आठवड्याची गोळी घ्यायची का, हे आधी डॉक्टरांना विचारा. को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक मात्र हिच्यासोबत नकोच.

हे सगळं नीट करूनही तीन महिन्यांत सुधारणा नाही, सहा महिन्यांत आजार काबूत नाही, तर औषध फसलं म्हणा. पुढची पायरी लगेच महागच असते असं नाही. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन जोडून बघता येतं. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट आणि संधिवाताचंच दुसरं औषध लेफ्लुनोमाइड बाद. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र चालतात.

बायॉलॉजिकच्या, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेल्या इंजेक्शनच्या, आधी टीबी तपासायचा: छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा चाचणी. दाटीच्या मुंबईत तर ही तपासणी टाळूच नये. फुफ्फुसात निजलेल्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या भिंतीला टीएनएफ हे शरीरातलं दाह पेटवणारं प्रथिन लागतं. अडालिमुमॅब हे बायॉलॉजिक नेमकं तेच अडवतं. तपासणीत निजलेला टीबी निघाला तर त्याचं औषध निदान महिनाभर आधी सुरू करतात. अडालिमुमॅब 40 मिलीग्रॅम, दर पंधरवड्याला. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं तर फेकून द्यायचं.

फ्रिजची कटकट नको म्हणून टोफासिटिनिबची गोळी बरी वाटते. पण गोळी आहे म्हणून ती सौम्य नाही, आणि टीबीची तपासणी हिलाही चुकत नाही. वय 65च्या पुढे, तंबाखू-सिगारेट किंवा हृदयविकार असेल, तर दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच ती घ्यावी. हिने नागीणही जास्त उठते. लशीचं गोळी सुरू करायच्या आधी विचारून घ्या.