वहीत नसलेल्या बायका

(दृश्य: रामकुंड, सकाळ. ओल्या पायऱ्या. लाल फडक्यात बांधलेलं बाड.)

अस्थिविसर्जन उरकलं, की रामकुंडावरची बरीच मंडळी तीर्थोपाध्यायांकडे येऊन टेकतात. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं. गुरुजी फडकं सोडतात, पानं उलटतात आणि तुमच्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवतात. जुनी पानं मोडीत. आजीच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो, तेव्हा चार पिढ्या पाच मिनिटांत निघाल्या. काकांनी खाली सही केली, मी मोबाईलवर पानांचा फोटो काढला.

कोण कशानं गेलं, ते मात्र वहीत नसतं. ते घरात बोललं जातं, तेही अर्धंच. ‘आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले. अन्न उतरेना, वाळत वाळत गेले.’

दोन वर्षांनी काकांना जठराचा कर्करोग निघाला. वय अठ्ठेचाळीस.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा.)

काकांच्या रिपोर्टमध्ये ‘सिग्नेट रिंग’ असे शब्द होते. सिग्नेट रिंग म्हणजे मुद्रेची अंगठी. पेशीत चिकट द्रव साचतो, केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. दिसायला सुरेख, हेच वाईट. या प्रकारात गाठ अशी धरतच नाही. सुटलेल्या पेशी जठराच्या अस्तराखाली पसरत जातात, म्हणून सुरुवातीला पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तरी निसटतात.

पेशी सुटतात का, याचं एक उत्तर न्यूझीलंडच्या एका माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) कुटुंबानं मिळवून दिलं. त्यांच्यात तरणीताठी माणसं याच रोगानं जात होती. घराण्याला शाप असावा, असंही काहींना वाटे. (त्र्यंबकला पितृदोषाची शांत करायला येणाऱ्यांना यात परकं काही वाटायचं नाही.) पण या कुटुंबाला आपली वंशावळ पक्की ठाऊक होती. ती घेऊन ते संशोधकांबरोबर बसले, आणि १९९८मध्ये पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी सीडीएच-१ या जनुकातला दोष दाखवून दिला.  

हे जनुक ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतं. ते शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते नसलं, की द्राक्षाच्या घडाची मणीगळ व्हावी तशा पेशी सुटतात. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडलांकडची. एक जन्मापासूनच बिघडलेली असेल, तर दुसरी कधीतरी बंद पडण्याचाच अवकाश.

(दृश्य: समुपदेशक बाईंचं टेबल, कोरा कागद, पेन्सिल.)

घराण्यातून येणाऱ्या रोगांबद्दल सल्ला देणाऱ्या जनुकीय समुपदेशक बाईंना मी मोठ्या अभिमानानं वहीचा फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, “यात बायका कुठायत?”

खरंच नव्हत्या. आत्या नाहीत, आजोबांच्या बहिणी नाहीत. लग्न झालं, की त्यांची नावं दुसऱ्याच घराण्यात गेली. पण जनुक गोत्र बदलत नाही. सदोष प्रत मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता सारखीच, निम्मी. शिवाय सीडीएच-१चा दोष असलेल्या बायकांत एका विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणजे आजोबांचं ‘पोटाचं दुखणं’ आणि एखाद्या आत्याची ‘छातीतली गाठ’ यांचं मूळ एकच असू शकतं. आमच्याकडे या दोन गोष्टी एका दमात कुणी सांगितल्याच नसत्या.

घाबरून जाऊ नये. जठराच्या शंभर कर्करोगांत असे थेट वारशानं आलेले एक ते तीनच असतात. एरवी मोठा वाटा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. आणि हा जंतू वारशाला हाताशी धरतो. जपानमधला एक मोठा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. हा जंतू पोटात असलेल्या, पण जनुकात जन्मजात दोष नसलेल्यांना पंच्याऐंशी वर्षांपर्यंत जठराचा कर्करोग होण्याचा धोका १४.४ टक्के होता. जंतूच्या जोडीला बीआरसीए किंवा एटीएमसारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात जन्मजात दोष असेल, तर तोच धोका ४५.५ टक्के. जनुक बदलता येत नाही. जंतू मात्र साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी घालवता येतो.

वारसा उपचारातही आडवा येतो, हे मला माहीतच नव्हतं. काकांना फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध द्यायचं होतं. त्याची शरीरात विल्हेवाट डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) लावतं. काहींच्या डीपीवायडी जनुकात असा फरक असतो, की हे विकर कमी पडतं आणि नेहमीचाच डोस त्यांना विषासारखा चढतो. तोंड सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात. युरोपच्या औषध नियामकानं २०२०मध्ये हे विकर कमी आहे का, याची चाचणी आधी करून घ्यायची शिफारस केली. केमोच्या पहिल्या बाटलीआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा. काकांची चाचणी झाली, डोस बदलावा लागला नाही.

(दृश्य: सिन्नर. पडवीत बसलेली आत्या.)

मग मी सिन्नरला आत्याकडे गेलो. चहा झाला. तिनं आधी उडवून लावलं, “मेलेल्यांचं काय विचारतोस रे?” मग आपणच सुरू झाली. थोरली आक्का, छातीत गाठ, चाळिशी गाठली नव्हती. आजोबांची एक बहीण निफाडला दिलेली, तीही ‘अन्न उतरेना’ म्हणतच गेली.

बाईंनी कागदावर दोन गोल वाढवले आणि पेन्सिलीनं काळे केले. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी तो भरलेला.

रात्री आत्याचा फोन. “मग आमच्या सुनंदानंही रक्त तपासायला द्यायचं का?”

लगेच नाही. ज्याला रोग झालाय, त्याची तपासणी आधी. दोष सापडला, तरच बाकीच्यांचं रक्त. काकांचं रक्त सोमवारी गेलंय. रिपोर्टला काही आठवडे लागतील.

“बरं,” आत्या म्हणाली, “तोवर तिला काही सांगू नकोस. मीच सांगेन.”