माळ्यावरची भांडी खाली काढा

नमस्कार मंडळी. घरातलं एक तरी जुनं भांडं घेऊन या असं सांगितलं होतं आणि तुम्ही पिशव्या भरभरून आणलीत, फार बरं वाटलं बघून. एकच विनंती, पुढच्या वेळी माळ्यावरून काही खाली काढलंत तर लगेच चिंच-मीठ लावून घासायला घेऊ नका. आधी उजेडात धरून नीट बघा, काठाखाली, बुडाला, कडीच्या मागे.

हे मधलं पितळी पातेलं हातात घेते. काठाच्या दोन बोटं खाली लिहिलंय 'चि. सौ. कां.', पुढे मुलीचं नाव, मग 'हिस मामाकडून' आणि शेवटी शके 1868. शकात 78 मिळवा, म्हणजे हे 1946 सालचं, आणि तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर 79 मिळवायचे. अक्षरं भिंगातून बघा, सलग रेघ नाहीये, बारीक बारीक ठोके आहेत, छिन्नीवर हातोडी मारत मारत एकेक अक्षर काढलंय. मशीनने घातलेलं नाव वेगळं दिसतं, बारीक थरथरत्या रेघेचं, ते नंतरचं.

आता 'चि. सौ. कां.' म्हणजे लग्नाआधीचं, म्हणजे हे माहेरचं नाव. लग्नात नाव बदलायचे, मग आयुष्यभर ती बाई सासरच्या नावानेच ओळखली गेली, रेशनकार्डावर तेच, सातबाऱ्यावर आलीच तर तेच. पणजीचं माहेरचं नाव काय असं आज घरात विचारलं तर कितीजणांना सांगता येईल? आणि ते इथे, या पातेल्यावर, ठोक्याठोक्याने लिहिलेलं आहे. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते की तारेच्या घासणीने नावावरून घासू नका, दरवेळी थोडं थोडं पुसट होतं ते, आणि आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिरका उजेड पाडून काढलात तर अक्षरं उठून दिसतात.

धातू ओळखणं तसं सोपं आहे. तांबं लालसर, पितळ पिवळं, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. गोंधळ होतो तो काशाचा, ते तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22. काशाची वाटी बोटांवर तोलून टिचकी मारा, कितीतरी वेळ घुमत राहते, पितळेची तशी घुमत नाही. कासं कडक पण ठिसूळ असतं, हातातून पडलं की तडकतं, म्हणून घरात एखादी काशाची वाटी शाबूत असेल तर ती कुणीतरी फार जपून वापरलेली आहे एवढं नक्की समजा.

तांब्याच्या हंड्याला बाहेरून बारीक खळगे असतात ते मठारकाम. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीला हे काम ऐकूही येतं. नुसत्या शोभेसाठी नाही ते, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. आणि जुन्या हंड्याच्या अंगावर दातेरी जोड दिसला तर त्याला खराबी समजू नका, दोन पत्र्यांचे दात एकमेकांत बसवून सांधलेत, किती सुंदर काम आहे ते!

ताई, तुम्ही आणलेलं ते लाकडी नाही, लोखंडी पट्टीचं मापटं आहे, धान्य मोजायचं माप. 2 चिपटी म्हणजे 1 मापटं, 2 मापटी म्हणजे 1 शेर आणि 4 शेरांची पायली. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, त्यामुळे हे बहुतेक त्याच्या आधीचं, आणि आतून इतकं गुळगुळीत झालंय की किती धान्य गेलं असेल यातून.

जपायचं म्हणजे शोकेसमध्ये ठेवायचं असं मला तरी वाटत नाही. पुण्यातल्या राजा केळकर म्युझियममध्ये सुंदर जुनी भांडी आहेत, जरूर बघा, पण घरातलं भांडं चुलीवर, आपलं, गॅसवर चढलं पाहिजे. फक्त पितळेला आतून कल्हई हवीच, नाहीतर ताक, आमटी, चिंचेचं काहीही कळकतं आणि ते खाऊ नये. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवतो, क्षणात आतून चांदीसारखं. त्याला एवढं विचारा की कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नको. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही, आधी पाणी किंवा तेल आत, मग खाली आच, आणि घासायला मऊ कापड. आत तांबूस-पिवळं डोकावायला लागलं की परत कल्हई.

आणि मोडीत घालायचा विचार असेल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ते भांडं ठेवा, यात काय करायचे, कुणी दिलं, कुठून आलं ते विचारा, आणि ते बोलतायत तोवर फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. चला, आता तुमच्या पिशव्या उघडा, भिंग माझ्याकडे आहे.