सालेर्नोची टेकडी आणि आज्जाचं पदक

मंडळी, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच घरं आज या सभागृहात आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पेन्शन घेऊन आलेला एखादा आज्जा नाहीतर काका यातल्या कित्येक घरांत निघतो. रेजिमेंटचं सेंटर 1922पासून बेळगावात आहे, तेव्हा नवल कसलं! आज मात्र बोलायचंय ते एका इंग्रजाबद्दल. पलटणीचा इतिहास कसा वाचावा, हे त्याच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी सांगितलंय.

मायकेल हॉवर्डचा जन्म 1922चा. ऑक्सफर्डचं शिक्षण मध्येच थांबवून तो ब्रिटिश लष्कराच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्स या रेजिमेंटमध्ये गेला. सप्टेंबर 1943मध्ये इटलीत सालेर्नोला उतरला आणि एका टेकडीवरच्या हल्ल्याबद्दल विसाव्या वर्षी मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. पुढे दोनदा जखमी झाला. परत येऊन पदवी घेतली, तीही दुसऱ्या वर्गात. (पहिला वर्ग हुकलेल्यांनी नोंद घ्यावी.) 1947मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात इतिहास शिकवू लागला, तिथेच युद्धाभ्यासाचा विभाग उभा केला आणि 1980 ते 1989 ऑक्सफर्डला इतिहासाचा रीजियस, म्हणजे राजनियुक्त, प्राध्यापक होता. 2019मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला.

हॉवर्ड सालेर्नोला उतरला त्याच महिन्यात आठवी भारतीय डिव्हिजनही इटलीत उतरली होती. तिच्यात पहिली मराठा बटालियन होती. सेनियो नदीवर एप्रिल 1945मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे.

हॉवर्डनं जॉन स्पॅरोबरोबर स्वतःच्याच रेजिमेंटचा 1920 ते 1946चा इतिहास लिहिला, तो 1951मध्ये आला. म्हणजे पलटणीच्या दंतकथा आतून कशा तयार होतात, हे त्याला ठाऊक होतं. दहा वर्षांनी एका व्याख्यानात त्यानं तीन गोष्टी मागितल्या. युद्ध लांबच्या काळावर पसरून बघा. एकच मोहीम इतकी खोल खणा की तिची नीटनेटकी रेघ मोडून गोंधळ दिसू लागेल. आणि ते लढणारा समाज, त्याचं राजकारण, पोटापाण्याची स्थिती सोडू नका. पलटणीच्या गोष्टींनी जवानाचं मन खंबीर होतं, हे त्याला मान्य होतं. पण गोष्ट आणि इतिहास एका पोत्यात भरायचे नाहीत.

यातलं खोल खणणं आपल्या हातातलं आहे. आज्जाकडे सहा टोकांचा, लाल-पांढऱ्या-हिरव्या रिबनचा इटली स्टार असेल, तर तो 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळातल्या सेवेचा. भारतात दिलेल्या बऱ्याच पदकांवर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. आधी तो नंबर उतरवून घ्या. नावावर शोधायला गेलात तर शेकडो पाटील आणि जाधव पुढ्यात येतात. नंबर आणि डिस्चार्ज बुकाची (सेवा संपताना मिळालेल्या पुस्तिकेची) प्रत घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नातं सिद्ध करणाऱ्या कागदांसह लिहायचं.

दुसरा कागद म्हणजे बटालियनची वॉर डायरी, युद्धातली रोजची नोंदवही. रकाने ठरलेले: जागा, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश, जोडपत्रं. फसगत इथेच होते. ती अधिकारी लिहितो, त्यामुळे त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात. जवान फक्त आकड्यांत, इतके ठार, इतके जखमी. आज्जाचं नाव दिसलं नाही म्हणजे आज्जा तिथे नव्हता, असं नाही. त्याची कंपनी कळली की ओळी बोलायला लागतात. जागा नकाशावरच्या चौकटींच्या सहा आकडी ग्रिडमध्ये असते, म्हणजे शंभर मीटरपर्यंत नेमकी. पण त्या वेळचा नकाशा हाताशी नसेल तर ते आकडे मुके. या डायऱ्या बघायला लंडनमधल्या क्यूच्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात रीडर्स तिकीट फुकट मिळतं, पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढता येतात; फाइलच्या कव्हरचाही काढा, नाहीतर घरी आल्यावर पान कुठलं ते कळत नाही.

जो परतलाच नाही, त्याचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. हिंदू जवानांचं दहन झालेलं, म्हणून थडगं शोधू नका, स्मारकावरचं नाव शोधा. इटलीतल्या सांग्रो नदीकाठच्या दहन-स्मारकावर पाचशेहून जास्त भारतीयांची नावं आहेत. आणि स्पेलिंगवर विसंबू नका: कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, येळ्ळूरचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी करून बघा. तरी नाही सापडलं, तर गाव सोडा, जिल्हा आणि बापाचं नाव घालून शोधा.