आखाजी ते आखाजी

खानदेशात शेतीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पालटते. सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, जुना करार त्या दिवशी संपतो आणि नवा ठरतो. स्वयंसेवी संस्थेचे हिशेबाचे वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते, आणि तिची तिजोरी ऐन कामाच्या दिवसांत रिकामी का पडते याचे उत्तर बहुधा या दोन पंचांगांमधल्या फटीत सापडते.

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि होळीच्या सुमारास परततात. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा धान्य, भाजीपाला, स्वयंपाकीण आणि रात्रीची राखण यांवरचा सारा खर्च त्यामुळे त्याच चार-पाच महिन्यांत एकवटतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हे खरे. परंतु प्रस्ताव, छाननी, करारनामा आणि पहिला हप्ता यांत महिने जातात, आणि हाती आलेला पैसा ठरलेल्या कामालाच बांधलेला असतो. कार्यालयाचे वीजबिल त्यातून भरण्याची मुभा नसेल तर ते कोठून भरायचे, हा प्रश्न कार्यकारिणीने पावसाळ्यातच स्वतःला विचारायला हवा.

स्थानिक देणगीचेही असेच आहे. देणगीवरची आयकर सवलत, म्हणजे प्रचलित भाषेत ८०जी, जळगावच्या सराफाला किंवा डाळमिलवाल्याला महत्त्वाची वाटते, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नसल्याने त्याच्याकडून धनादेशच घ्यावा लागतो. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराचे शेतीउत्पन्न मुळात आयकरमुक्त; त्याच्यापुढे ८०जीची पावती नाचवून उपयोग नाही. तो माल विकला गेल्यावर देतो, आणि कित्येकदा दादर ज्वारीचे पोते देतो. त्या पोत्याचीही पावती फाडावी आणि साठा नोंदवहीत नोंद करावी, एवढी शिस्त पुष्कळ ठिकाणी नसते.

अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. असा दाता लाभला तर आनंदच आहे, पण त्याची वाट पाहत अंदाजपत्रक मांडता येत नाही.

गंगाजळीविषयी विश्वस्तांमध्ये एक गैरसमज रुजलेला दिसतो, तो असा की आलेला प्रत्येक रुपया त्याच वर्षी खर्च झालाच पाहिजे. वस्तुतः प्राप्तिकराकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातील १५ टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळे कारण न देता राखून ठेवता येते. ही रक्कम ठरावाने बाजूला काढली, तर उशिरा येणाऱ्या हप्त्याच्या काळात मुलांच्या ताटावर संकट येत नाही.

मात्र ठराव करायला सभा खरोखर भरावी लागते. इतिवृत्ताची वही घरोघरी फिरवून सह्या गोळा करण्याची आपल्याकडची रीत सोयीची आहे, आणि तितकीच घातकही, कारण तिजोरीत शिल्लक किती, हे सही करणाऱ्या सात जणांपैकी एकट्या सचिवालाच ठाऊक असते. विश्वस्त बदलले, की त्या बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. तो राहून गेला, तर निधी देणारी कंपनी कागदपत्रे मागते तेव्हा संस्थेच्या यादीत दिवंगत अध्यक्षच विराजमान असतात.

अशाच एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सभेत समोर ठेवलेला आहे तो अंदाजपत्रकाचा साधा तक्ता. वर बारा महिने, खाली जमा, खर्च आणि शिल्लक, आणि महिन्यांच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले शब्द: आखाजी, पोळा, दिवाळी, होळी. जानेवारीच्या रकान्यात शिल्लक उणे दिसते. सभा ऑगस्टमधली आहे, म्हणजे देणगी मागायला जळगावच्या बाजारपेठेत कोणी जायचे हे ठरवायला दिवाळीपर्यंत अजून अवधी आहे.