टेकलेला बिंदू

सकाळची वर्दळ सुरू होण्यापूर्वी फर्ग्युसन रस्त्यावरून एक जुनी सायकल येत आहे. तिच्या मागच्या टायरवर खडूचा एक पांढरा ठिपका आहे. नजर त्याच्यावरच राहू द्यावी.

सायकलचा, आणि म्हणून चाकाच्या आसाचाही वेग सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर आहे. ठिपका माथ्यावर येतो तेव्हा रस्त्याच्या सापेक्ष त्याचा वेग बरोबर दुप्पट होतो. आणि चाक घसरत नसेल, तर रस्त्याला टेकताक्षणी तो शून्य होतो. धावत्या सायकलचा तेवढा एक बिंदू त्या क्षणी लकडी पुलाच्या दगडाइतका स्थिर असतो. चाकावरचा कोणताही बिंदू या टेकलेल्या जागेपासून जितका दूर, तितका त्याचा वेग अधिक. म्हणूनच बाजूने टिपलेल्या छायाचित्रात खालच्या तारा स्पष्ट उमटतात आणि वरच्या फिसकटतात.

वेग शून्य, तेव्हा त्वरणही शून्यच, असे अनेक विद्यार्थी येथे लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात सायकल एकसारख्या वेगाने जात असताना कडेवरच्या प्रत्येक बिंदूचे त्वरण सतत केंद्राकडे असते, आणि वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की ते मिळते. चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरला, तर 25 भागिले 0.35, म्हणजे सेकंदाला सेकंदामागे सुमारे 71 मीटर, गुरुत्वत्वरणाच्या सातपटीहून जास्त! टेकलेल्या बिंदूचे हे त्वरण सरळ वर असते, त्यामुळे ठिपका थांबतो खरा, पण रेंगाळत नाही. पावसाळ्यात टायरला चिकटलेल्या चिखलाला या त्वरणाइतकी पकड जमत नाही, आणि मडगार्ड नसलेल्या सायकलस्वाराच्या पाठीवर त्याची नक्षी उमटते.

ठिपक्याच्या हवेतल्या कमानीला सायक्लॉइड म्हणतात. हे नाव गॅलिलिओने दिले. एका कमानीची लांबी व्यासाच्या चौपट असते, हे क्रिस्टोफर रेन यांनी 1658 मध्ये दाखवले. म्हणजे सायकल 2.2 मीटर पुढे सरकेपर्यंत आपला ठिपका 2.8 मीटर चालून येतो.

आता पुणे स्टेशन. रेल्वेच्या चाकाची आतली कड रुळाच्या माथ्याच्याही खाली, म्हणजे टेकलेल्या बिंदूच्या पलीकडे उतरलेली असते. तिथे वेगाची दिशाच उलटते: गाडी मुंबईकडे निघालेली असते, आणि चाकाचा सर्वांत खालचा भाग त्या क्षणी दौंडकडे सरकत असतो.