आधी खोली, मग सगळं

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीजवळच्या या घरात सध्या सगळ्यांचा जीव एका निळ्या फाइलमध्ये अडकलाय. मार्कलिस्ट, पासपोर्ट, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि एपीएसचं प्रमाणपत्र. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून हे एपीएस सक्तीचं आहे. कागदपत्रं खरी आहेत, याचा तो दाखला. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वडील फाउंड्रीत मोल्डिंगला.

जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं आहे. मात्र मोटारींच्या कारखान्यांचं स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो भरावे लागतात. आणि कुठेही गेलात, तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटला आधीच ठेवावे लागतात. त्यातले दरमहा 992 हातात येतात.

या खर्चासाठी कर्ज काढायचंय. वडील सांगतात, "रान हाय की आमचं. पर बँक म्हणती, शेती नको, एनए प्लॉट दाखवा." मग मामाचा प्लॉट तारण पडतो. मुलाच्या एका डिग्रीवर दोन घरं उभी असतात, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

एवढी तयारी होते, पण राहायचं कुठं, हा प्रश्न विमानात बसेपर्यंत मागे पडतो. तिथंच पोरं अडकतात. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र हवं. चार दिवसांच्या हॉटेलवाल्याकडून ते सहसा मिळत नाही. नोंदणी नाही म्हणून बँकेचं खातं रखडतं, खातं नाही म्हणून आपलेच पैसे हातात येत नाहीत, निवास परवान्याचं कामही पुढे सरकत नाही. सरकारमान्य वसतिगृहं स्वस्त असतात, पण म्युनिकसारख्या शहरात त्यांची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची. या अडचणीचा फायदा घेणारे ठगही आहेत. खोली न दाखवता आगाऊ भाडं मागणाऱ्याला एक युरोसुद्धा पाठवू नका.

घराबाहेर शिकणाऱ्या पोराला आधी छप्पर लागतं, हे कोल्हापूरला कुणी नव्यानं सांगायला नको. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली. खेड्यातली पोरं शिकली ती त्या खोल्यांमुळे. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती महाराजांच्याच नावाने आहे. फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो, आणि पात्र मुलांनी तिच्यासाठी अर्ज केलाच पाहिजे.

शिकता शिकता काम करता येतं. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. त्यातून किराणा आणि भाड्याचा काही भाग निघेल, पण बँकेचा हप्ता त्या भरवशावर धरू नये. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. अभ्यासाशी जुळणारी, ठरलेल्या पगाराची नोकरी लागली, तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना. त्यावर जर्मन भाषा बी-वन या मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, जेमतेम ए-वन ही पहिली पातळी असेल तर 27 महिन्यांनी.

वर्ग इंग्रजीत चालतो, म्हणून भाषा टाळणारी मुलं नोकरीच्या दारात थांबतात. आपल्या शिरोली एमआयडीसीतल्यासारखेच तिथले असंख्य मध्यम कारखाने लहान गावांत आहेत. शॉप फ्लोअरवरचा फोरमन त्याच्या भाषेतच बोलणार. म्हणून जर्मनचा क्लास इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातच लावा. फाइल पूर्ण होईपर्यंत वाट पाहू नका.

या मुलाचं सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतंय. प्रवेशाचं पत्र आलं त्याच रात्री त्यानं वसतिगृहाचा अर्ज भरला. तिकीट अजून काढलेलं नाही. खोलीचं पत्र हातात आल्यावरच काढायचं, असं घरात ठरलंय.