सरपंचबाई मागच्या रांगेत

माईक येतोय का मागं? बरं. विषय मोठा दिलाय, 'राजकीय विनोदी सिनेमा आणि त्यातलं प्रतिनिधित्व'. मुद्दे तीनच आहेत, अर्ध्या तासात संपवतो. हसू नका, सांगलीत वक्ता वेळेत संपला असं एकदा तरी होऊ द्या.

पहिला मुद्दा. आपल्या राजकीय कॉमेडीत पुढाऱ्याला चेहरा असतो, मतदाराला नुसता फेटा. हे मला पुस्तकात नाही, शूटिंगला कळलं. शेजारचं वाई माहितीच आहे, 'गंगाजल'मधलं बिहार तिथलं, 'दबंग'मधलं युपी पण तिथलंच, म्हणजे आपले सातारकर मतदानाला इथं आणि पडद्यावर गर्दी करायला 'दबंग'मधल्या लालगंजला. तर तिकडंच पाहुण्यांच्या गावात एका सिनेमाचा ग्रामसभेचा सीन होता, नाव सांगत नाही, आणि मी आपला फुकट जेवणाला थांबलेलो.

गर्दी गावातलीच घेतलेली. निवडणारा पोरगा शहरातला, हातात वॉकीटॉकी, मिशीवाले पुढं आणि जीन्सवाले घरी असा त्याचा हिशोब. पतपेढीतल्या एका क्लार्कला धोतर दिलं, गड्याला नेसताच येईना, शेवटी ड्रेसवाल्यानं नेसवलं आणि तो दिवसभर हात कमरेवर ठेवूनच ग्रामसभेला बसला. (हशा) बायका सगळ्या मागं, डोक्यावर पदर, बोलायचं नाही. त्यात गावच्या खऱ्या सरपंच ताई पण होत्या, बरं का! सिनेमातला सरपंच मुंबईचा नट, त्याला कुठं बसायचं हे ना त्याला माहीत ना दिग्दर्शकाला. ताई मागून म्हणाल्या, "अहो ग्रामसेवक कुठाय? प्रोसिडिंग कोण लिहिणार?" पोरगा म्हणतो, "मावशी, तुम्ही फक्त हसायचं." ताई म्हणाल्या, "हसते की, पण शूटिंगचा ना हरकत दाखला माझ्या सहीचा आहे, तो तरी वाचलास का?"

मग ताईंना सावलीत खुर्ची मिळाली, स्पेशल चहा मिळाला. सीन मात्र तोच राहिला.

आता बघा, २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पण कॉमेडीत बाई सरपंच झाली की जोक एकच, सही कुठं करू ओ? सरपंचपती नसतात असं मी म्हणत नाही, या हॉलमध्येच दोन-तीन निघतील. (हशा, टाळ्या) पण खुर्ची बळकावली नवऱ्याने आणि हसायचं बाईला, हे कसलं व्यंग? ज्याच्या हातात सत्ता त्याची खेचायची, नाहीतर ती नुसती टवाळी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, व्याख्यान तर आत्ता सुरू होतंय.

मग पळवतो. दुसरा मुद्दा, २०१७ चा 'न्यूटन'. निवडणुकीवरचा विनोदी सिनेमा, जागा छत्तीसगडचं जंगल, आणि त्यात मल्को नावाची स्थानिक आदिवासी शिक्षिका बूथवर ड्युटीला. गोंडी तिला येते, साहेबाला येत नाही, त्यामुळं हसू येतं ते नियमाचं पुस्तक घेऊन आलेल्या साहेबावर. परदेशी पत्रकार येणार म्हणून लोकांना गोळा करून मतदानाला आणतात, तिथं तर गर्दी जमवण्याचीच खिल्ली आहे. पात्रं वेगवेगळ्या जातीजमातीची घेतली म्हणजे झालं असं नाही, जोक कुणाच्या बाजूनं पडतो ते बघायला पाहिजे.

तिसरा मुद्दा आपल्या जिल्ह्यातला, आणि खरं तर यावरच बोलायचं होतं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं, तमाशाचं लोकनाट्य केलं, 'देशभक्त घोटाळे' नाव तर आजच्या कुठल्याही पक्षाला बसतंय. मातंग समाजातला माणूस स्टेजवरून सावकाराला, पुढाऱ्याला हसत होता. म्हणजे मराठीत राजकीय टिंगल करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरची, सिनेमानं त्यांचा सोंगाड्या घेतला, बतावणी म्हणजे तमाशातली विनोदी सवाल-जबाबाची बोलणी घेतली आणि लिहायला-दिग्दर्शनाला माणसं दुसरीच बसवली. पडद्यावर कोण दिसतं ते नंतर बघू, आधी जोक लिहिणाऱ्यांच्या खोलीत कोण आहे ते विचारा. यावर तमाशातले लावणीकार पठ्ठे बापूराव पण सांगायचे होते, रेठरे हरणाक्षचे, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत आणि बाहेर भडंग-चहा तयार आहे म्हणे, प्रश्न तिथंच विचारा.